राहुटीबाहेर बसलेली माउली

माउली, यंदा वाटचालीत संध्याकाळी हरिपाठाला उभे राहाल तेव्हा एकदा मागे वळून राहुटीच्या बाहेर नजर टाका. ट्रकच्या चाकाशी, नाहीतर एखाद्या बाभळीखाली दोन-तीन बायका वेगळ्या बसलेल्या दिसतील. हातात टाळ नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. ओठ मात्र हलत असतात, कारण हरिपाठ त्यांना तुमच्याइतकाच पाठ आहे. त्यांनी भांडण केलेले नाही, कुणाचे काही चोरलेले नाही. त्या दिवशी त्याही तुमच्याबरोबर वीस किलोमीटर चालल्या आहेत, तुमच्यापेक्षा चार हात मागून. त्यांची पाळी आली आहे, एवढेच.

हा शब्द मी या मासिकात सरळ लिहिते आहे. ‘अडचण’, ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची’, ‘लांब बसली’ असे शब्द आपण वापरत आलो. मीही वापरले. शब्द झाकला की माणूसही झाकता येतो, हे मला फार उशिरा कळले.

थोडा हिशेब करू. आळंदीहून माउलींचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला आणि वाखरी ओलांडून पंढरीत पाऊल आषाढ शुद्ध दशमीला. म्हणजे वाट साधारण १८ दिवसांची. बाईचे चक्र २८ दिवसांचे धरले, तर पाळी येण्याच्या वयातल्या तीन वारकरणींपैकी जवळजवळ दोघींची पाळी वाटेतच सुरू होणार. हा काही अपवाद नव्हे, वारीचा नेम आहे, सासवडच्या मुक्कामासारखा आणि नीरेच्या स्नानासारखा. इतक्या नेमाने होणाऱ्या गोष्टीसाठी आपल्या दिंडीच्या यादीत काय असते? तांदूळ असतो, डाळ असते, गॅसच्या टाक्या असतात, ताडपत्री असते, पाय चेपायचे तेल असते. आणि हिच्यासाठी बाभळ असते.

आता ज्या कारणाने लिहायला बसले ते सांगते. आमच्या दिंडीत दोन वर्षांमागे पुण्यात छायाचित्रणाचे शिक्षण घेणारी एक मुलगी चालायला आली. नातीची मैत्रीण, म्हणून मला आजी म्हणायची. पहिले चार दिवस तिने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही, नुसती चालली, पोळ्या लाटल्या, भांडी घासली. मग एके रात्री मला म्हणाली, “आजी, वारीचे सगळे फोटो दिवसाचे असतात. बायकांची वारी तर पहाटे तीनला सुरू होते.” खरेच होते ते. पुरुषमंडळी उठायच्या आत, अंधारात, टँकरच्या तोटीशी बायका काय काय उरकतात ते आम्हालाच ठाऊक.

तिने जे फोटो काढले त्यांत एकाही बाईचा चेहरा नाही. एकात ट्रकच्या मागे बांधलेली दोरी आहे, तिच्यावर लुगडे वाळत घातले आहे आणि लुगड्याच्या खालून एका फडक्याचा कोपरा दिसतो. दुसऱ्यात बॅटरीच्या उजेडात फडके पिळणारे दोन हात आहेत, मनगटावर गोंदण, हिरव्या बांगड्या, आणि पाण्यात पसरलेला लालसर रंग. तिसऱ्यात राहुटीच्या कापडावर आतल्या टाळकऱ्यांच्या सावल्या पडल्या आहेत आणि बाहेर पाठमोरी एक बाई, मांडीवर तळहाताने ताल धरलेली. हा तिसरा फोटो मी अजून विसरू शकलेले नाही. मृदंग आत वाजतो आहे आणि ठेका बाहेर मांडीवर पडतो आहे, कुणालाही ऐकू न जाता.

वारी संपल्यावर गावच्या सप्ताहात तिने हे फोटो मंडपाच्या एका कडेला लावले. दुपारपर्यंत ते काढले गेले. कोणी काढले त्यांची नावे मला घ्यायची नाहीत, ती आपलीच माणसे आहेत, त्यांच्या पायांवर मी डोके ठेवते. पण त्यांचे म्हणणे मला मान्य नाही आणि ते का मान्य नाही हे मोकळेपणाने सांगणे माझे काम आहे.

पहिले म्हणणे असे की हे अश्लील आहे. या शब्दापाशी मला थोडे थांबायचे आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात एकादशीला बायका स्नान करतात तेव्हा चारी बाजूंनी कॅमेरे लागलेले असतात. ओले लुगडे अंगाला चिकटलेले, बाई हात जोडून उभी, डोळे मिटलेले. तिला माहीतही नसते की आपला फोटो कुणी काढला. तो फोटो छापून येतो आणि त्याखाली ‘भक्तीचा पूर’ असे काहीतरी लिहिलेले असते. आजवर एकाही महाराजांनी त्याला अश्लील म्हटलेले मी ऐकले नाही. आणि जिथे बाईला विचारून, चेहरा टाळून, फक्त तिचे कष्ट टिपले, तिथे मात्र आपल्याला लाज वाटली. म्हणजे बाईचे शरीर दिसण्याला आपली हरकत नाही. ते शरीर काय सोसते, हे दिसण्याला हरकत आहे.

अशीच हरकत समुद्रापलीकडेही घेतली गेली होती. २०१५ सालच्या मार्च महिन्यात कॅनडातल्या रूपी कौर नावाच्या कवयित्रीने, तेव्हा ती विद्यापीठात शिकत होती, आपल्या बहिणीच्या मदतीने पाळीवर फोटोंची एक मालिका केली. त्यातल्या एका फोटोत पूर्ण कपड्यांतली बाई पलंगावर पाठ करून झोपली आहे, विजारीवर एक डाग आहे, चादरीवर एक. बस. इन्स्टाग्रामने तो फोटो काढून टाकला. तिने परत टाकला, त्यांनी परत काढला. तिने जाहीर जाब विचारला, जगभरातल्या बायका तिच्यामागे उभ्या राहिल्या, तेव्हा कंपनीने चूक झाली म्हणून माफी मागितली आणि फोटो परत लावला. त्याच इन्स्टाग्रामवर उघड्या-वाघड्या देहांची काय रास पडलेली असते ते तुमच्या-आमच्या घरातल्या पोरांना विचारा. तिथे चालते. चादरीवरचा डाग चालला नाही.

तुम्ही म्हणाल, कॅनडातल्या कुणा कवयित्रीचे आम्हाला काय? पण ती मुलगी पंजाबातल्या शीख घरात जन्मली, लहानपणी आईवडिलांबरोबर तिकडे गेली. ज्या गुरू ग्रंथसाहिबापुढे तिची माणसे माथा टेकतात, त्यात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. पंढरीचा शिंपी पंजाबात घुमानला जाऊन राहिला, त्याचे बोल त्या लोकांनी मस्तकी धरले. गुरू नानकांनी सुतक-विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला होता. तेव्हा ही मुलगी नात्याने आपल्याला अगदीच परकी नाही, नामदेवांच्या अंगणातली आहे.

दुसरे म्हणणे शास्त्राचे. विटाळ शास्त्रात सांगितला आहे, तुम्ही कोण मोडणार? माउली, हा प्रश्न आपल्या संप्रदायात विचारला जावा याचेच मला नवल वाटते. संन्याशाची पोरे म्हणून ज्या चार भावंडांना गावाने वाळीत टाकले, शुद्धिपत्र आणा म्हणून पैठणला पाठवले, त्यांच्या पादुका आपण पालखीत घालून नेतो. चोखोबा देवळात येऊ शकले नाहीत, त्यांची समाधी महाद्वारात आहे आणि आपण आधी तिथे माथा टेकवून मग पुढे जातो. आणि ‘विटाळ’ हाच शब्द त्या दारावर शेकडो वर्षे पहारा करत होता. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा कुठे ते दार सर्वांना उघडले. तेव्हाही शास्त्र पुढे केले गेले होते, देव बाटेल असे सांगितले गेले होते. देव बाटला नाही. आजही तो विटेवर तसाच उभा आहे, आणि तेव्हा विरोध करणाऱ्यांची नातवंडेही रांगेत सगळ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहतात. एका विटाळाचे दार आपण उघडले आणि त्याबद्दल अभिमानाने कीर्तनात सांगतो. दुसऱ्या विटाळाची आठवण काढली की खाकरतो.

चोखोबांच्या घरातल्या सोयराबाईंनी तर या विटाळाचा प्रश्न थेट पांडुरंगालाच घातला आहे. त्यांचे म्हणणे ज्यांनी वाचले आहे त्यांना मी काय सांगू. विटाळातूनच ज्या देहाची घडण झाली त्या देहाने सोवळे कुणापुढे मिरवायचे, हा त्यांचा सवाल आहे, आणि त्याला आजवर कुणी उत्तर दिल्याचे मला ठाऊक नाही.

सोयराबाईंची ती कथा तुम्ही कीर्तनात अनेकदा ऐकली असेल. दिवस भरलेले, चोखोबा बहिणीच्या गावी गेलेले, घरात दुसरे कुणी नाही. कळा सुरू झाल्या. तेव्हा पांडुरंग नणंदेचे, निर्मळेचे, रूप घेऊन दारात आला आणि त्याने सोयराबाईंचे बाळंतपण केले. कीर्तनकार ही कथा सांगतात, डोळे पुसतात, पुंडलिकवरदे होते आणि पुढच्या चरणाकडे वळतात. मी म्हणते, या कथेपाशी थोडे थांबा. बाळंतपण केले म्हणजे काय केले? ज्या बायकांनी सुईणीच्या शेजारी कंदील धरला आहे त्या सांगतील. पाणी तापवले, नाळ कापली, वार पुरली, रक्ताने भरलेली फडकी धुतली, बाळंतिणीचे अंग पुसले. देवाचे हात कोपरापर्यंत भरले असतील. तेही त्या काळी ज्यांची सावली नको म्हणत त्यांच्या घरात. दुपटी विटाळ, जन्माचाही आणि जातीचाही, आणि आपला देव त्यात उभा. त्याने सोयराबाईंना ‘चार दिवस लांब बस, मग येतो’ असे सांगितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

तो देव राहुटीत आहे आणि बाई राहुटीबाहेर आहे, हे कुठल्या शास्त्रात बसते ते मला कुणीतरी समजावून सांगावे.

आपल्या देशात सगळीकडे असेच आहे असेही नाही. आपली पालखी वाटेत असते त्याच सुमारास आसामात कामाख्येचे देऊळ तीन दिवस बंद असते, कारण देवी रजस्वला आहे असे मानतात. चौथ्या दिवशी दार उघडते आणि लाल कापडाचा तुकडा प्रसाद म्हणून मिळवायला लाखो लोक रांगा लावतात. ओडिशात ज्येष्ठ सरताना भूमी रजस्वला झाली म्हणून तीन दिवस नांगर धरत नाहीत, मुली नवे कपडे घालून झोके घेतात. तिथल्या घराघरांतही बायका लांब बसतात, ते मला माहीत आहे. पण निदान देवीच्या बाबतीत तरी त्यांनी हे तोंड वळवण्यासारखे मानलेले नाही. आपण तर विठ्ठलालाच विठाई म्हणतो, ज्ञानदेवांना माउली म्हणतो, एकमेकांच्या पाया पडताना माउली म्हणतो. आईपण हवे आणि आईपणाची खूण मात्र नको.

तिसरे म्हणणे जरा गोड आहे, म्हणून जास्त फसवे आहे. बाईला विश्रांती मिळावी म्हणून हे नियम केले, असे सांगतात. ठीक आहे. मग वारीत द्या विश्रांती. तिला सामानाच्या ट्रकमध्ये बसवा, तिची पिशवी दुसऱ्याने घ्या, गरम पाणी द्या. आमच्या दिंडीत मी ४१ वर्षे चालले आहे, लांब बसलेल्या बाईची पिशवी कुणी घेतलेली पाहिली नाही, उलट पिशवीला हात लागेल म्हणून लोक बाजूला सरकतात. तिला चालावे लागतेच. फक्त भजन मिळत नाही.

मी हे दुरून बोलत नाही. माझ्या चौतिसाव्या वर्षी वाखरीच्या मुक्कामी मला पाळी आली. अठरा दिवस चालून पंढरी एका हाकेवर आलेली. रिंगण मी रस्त्याच्या पलीकडून पाहिले, घोड्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायला माझ्याबरोबरच्या बायका धावल्या, मी उभी राहिले. पंढरपुरात कळसाला हात जोडले आणि धर्मशाळेच्या पायरीवर बसून राहिले. सगळ्या दर्शन घेऊन आल्या, त्यांनी मला बुक्काही लांबून दिला, कागदावर ठेवून. कळसदर्शनही दर्शनच, हे मला माहीत आहे, कितीतरी वारकरी कळस पाहून माघारी फिरतात आणि समाधानाने फिरतात. पण ते स्वतःहून फिरतात.

आणि एवढे सोसून मी काय केले? पंधरा वर्षांनी सून पहिल्यांदा वारीला आली तेव्हा लोणंदला तिला मीच सांगितले, “तू आज आत येऊ नकोस.” तिने तोंडातून शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी ती गोळ्या घेऊन आली, पाळी पुढे ढकलायच्या. वारीला निघालेल्या, घरात पूजा असलेल्या कितीतरी बायका औषधाच्या दुकानातून या गोळ्या डॉक्टरला न विचारता घेतात. नॉरएथिस्टेरॉन नावाचे ते हार्मोन असते. ज्यांना रक्ताची गुठळी होण्याचा त्रास झालेला आहे, ज्यांचे यकृत बिघडलेले आहे, त्यांनी ते घ्यायचे नसते, हे दुकानदार विचारत नाही आणि बाई सांगत नाही. सुनेला मळमळ, डोकेदुखी, पाय सुजलेले, त्यात फलटणचे ऊन. मी तिचे पाय चेपत होते आणि मनात म्हणत होते, हिला आजारी मी पाडले आहे. देवाने नाही.

म्हणून जेव्हा कुणी म्हणते की ही साधी रूढी आहे, कुणाचे काय बिघडते, तेव्हा मला गप्प बसवत नाही. ही रूढी पुढे पुढे नेली की कुठे पोचते ते नेपाळात पाहावे. तिथल्या पश्चिमेकडच्या डोंगरांत छाउपडी म्हणून चाल आहे. पाळीतल्या बाईला घराबाहेरच्या खोपटात झोपवतात, थंडीत, बाळंतिणीलासुद्धा. साप चावून, शेकोटीच्या धुराने गुदमरून बायका मेल्या आहेत. जानेवारी २०१९ मध्ये बाजुरा जिल्ह्यात एक आई आपल्या दोन मुलांसह अशीच गेली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही चाल बेकायदा ठरवली होती. २०१७ मध्ये कायदा झाला, तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड. तरी ती अजून पुरती गेलेली नाही. कोलकात्यात वाढलेल्या पौलोमी बसू या छायाचित्रकार बाईने त्या खोपटांतल्या मुलींचे फोटो वर्षानुवर्षे जाऊन काढले आणि जगापुढे ठेवले. नेपाळकडे बोट दाखवायचीही गरज नाही म्हणा, आपल्या गडचिरोलीत कुर्माघरे आहेतच. त्या आदिवासी बायांना हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. त्यांच्याकडे खोपट आहे, आपल्याकडे ताडपत्रीची कड आहे, फरक भिंतीचाच.

फोटोबद्दल एक आक्षेप मात्र मी मनापासून ऐकून घेतला. फडके पिळणारे ते हात ज्या बाईचे, तिच्या नवऱ्याने गोंदणावरून ओळखले. घरात बोलाचाली झाली. मी त्या मुलीवर रागावले, म्हटले, तू शहरात निघून जाशील, हिला इथे राहायचे आहे. मुलगी रडकुंडीला आली. मी दुसऱ्या दिवशी त्या बाईकडे गेले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “मावशी, तिनं मला इचारलं हुतं. दोनदा इचारलं. मीच म्हनले घे. हात माझेच हायेत की.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “इतकी वर्सं वारी केली, माझा ह्यो एकच फोटू निघालाय.” मला काही बोलता आले नाही. नवऱ्याशी ती काय बोलली ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. फोटो मात्र आता तिच्या घरात आहे, फळीवर, माउलींच्या तसबिरीच्या मागे उभा करून ठेवलेला. समोर ठेवायला अजून वेळ आहे, असे ती म्हणाली.

तेव्हा कुणाला विचारून काढला, चेहरा लपवला का, फोटोचे पुढे काय होणार, हे प्रश्न जरूर विचारा, कडक विचारा. चंद्रभागेच्या काठावरच्या कॅमेऱ्यांनाही विचारा. पण विचारायचे सोडून मंडपातून चित्र उतरवले की ते फडके पुन्हा लुगड्याखाली जाते. आणि लुगड्याखाली वाळवलेले फडके कधी पुरते वाळत नाही, त्याला ऊन लागत नाही, ओलसर फडके पुन्हा वापरले की खाज, जखमा आणि अंगावरून जाणे सुरू होते. शरमेपायी आपण बायांना रोग देतो आहोत.

काही बदलते आहे, नाही असे नाही. राज्य महिला आयोगाने अलीकडे वाटेवर आरोग्यवारी सुरू केली, पॅड मिळू लागली, मुक्कामांवर फिरती शौचालये आली. पण सरकार राहुटीच्या दारापर्यंत येऊ शकते. आत कोणी बसायचे हे दिंडीचालक ठरवतो, विणेकरी ठरवतो, आणि खरे सांगायचे तर आमच्यासारख्या म्हाताऱ्या ठरवतात. पोरींना बाहेर बसा असे पुरुष क्वचितच सांगतात. ते आम्ही सांगतो.

आमच्या दिंडीची बैठक गेल्या महिन्यात झाली. मी शिध्याच्या यादीत पॅडचे खोके, दोन झाकणाच्या बादल्या आणि वापरलेली पॅड गुंडाळायला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा लिहायला सांगितले. लिहिणाऱ्याने पेन थांबवले, चालक महाराजांकडे पाहिले. महाराज माझ्याहून सहा वर्षांनी लहान, माझ्या मांडीवर खेळलेले. ते म्हणाले, “अक्का, लिहू द्या. पण हरिपाठाचे नंतर बघू.” मी म्हटले, नंतर नाही, आत्ताच बघू. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग निर्णय न होताच प्रसाद वाटला गेला आणि बैठक उठली.

यादी लिहिली गेली आहे. हरिपाठाचे ठरलेले नाही. म्हणून मी माझ्यापुरते ठरवले आहे आणि इथे छापून सांगते आहे, म्हणजे नंतर माघार घेता येणार नाही. यंदा ज्या संध्याकाळी आमच्या दिंडीतली एक जरी बाई बाहेर बसवली जाईल, त्या संध्याकाळी मी तिच्या शेजारी जाऊन बसेन आणि तिथून हरिपाठ म्हणेन, मोठ्याने. माझा टाळ मी बरोबर नेणार आहे. त्या पुण्याच्या मुलीलाही निरोप धाडला आहे, अष्टमीला आळंदीत ये, कॅमेरा घेऊन ये.